अधांतरी देहाची शाळा

परभणी जिल्ह्यातलं आठवी-नववीचं पोर चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतं, तेव्हा त्याच्यापुढं स्मरणचित्राचा पेपर येतो. आठवडी बाजार, बसस्थानक, शेतातली कामं असा एखादा विषय असतो आणि चित्रात माणसं हवीतच. समोर पाहायला कुणी बसलेलं नसतं. माणूस कसा काढायचा आणि तो कागदावर कुठं उभा करायचा, हे दोन प्रश्न त्याला एकट्यानं सोडवायचे असतात. चित्रकलेचे सर वर्षभर सांगत आलेले असतात : पुढचा मोठा काढ, मागचा लहान काढ, आणि पाय जमिनीला टेकव, हवेत उभा करू नकोस.

ही परीक्षा घेतं राज्याचं कला संचालनालय. ते १९६५ साली स्थापन झालं आणि त्याचं कार्यालय मुंबईत सर ज. जी. (जे.जे.) कलाशाळेच्या आवारात आहे. गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरीच्या हजारो मुलांनी जे.जे. कधी पाहिलेलं नाही, तरी त्या शाळेचा धडा त्यांनी गिरवलेला आहे. पाय जमिनीला टेकवायची ही शिस्त तिथूनच निघाली. आणि आधुनिक भारतीय चित्रकलेतले सगळ्यांत अस्वस्थ करणारे अधांतरी देह रंगवणारे चित्रकारही त्याच शाळेतून बाहेर पडले. या दोन गोष्टींचं नातं लावल्याशिवाय या संस्थेची वाटचाल कळत नाही, असं मला वाटतं. शेकडो मैलांवरची घटना म्हणून मराठवाड्यानं तिच्याकडं पाहू नये, असंही वाटतं, कारण या गोष्टीचा अर्धा भाग मराठवाड्यातच घडला.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत चित्रकलेचा वर्ग भरला. इंग्रज सरकारला इथल्या कारागिरांना ‘बरोबर’ रेखाटन शिकवायचं होतं. भांडी, विणकाम, लाकडी कोरीवकाम यांची विक्री वाढावी, हा हेतू होता. १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे दोघे शिक्षक म्हणून आले. आजची इमारत १८७८ची. ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे विलायतेहून आणून वर्गात मांडले गेले आणि विद्यार्थी महिनोन्महिने त्यांच्यावरची सावली कागदावर उतरवू लागले. चरणाऱ्या बैलाचं, भाकरी थापणाऱ्या बाईचं शरीर रोज डोळ्यांपुढं असणाऱ्या मुलांनी पांढऱ्या चुन्याच्या देवांवरून माणूस शिकायचा होता. आज हे विचित्र वाटतं. पण त्या कष्टातून एक गोष्ट हाताला लागली : शरीराला भार असतो, तो कुठल्या पायावर पडला आहे हे दिसावं लागतं, आणि मान वळली की खांदा, कंबर, गुडघा सगळेच जागा बदलतात.

त्याच ग्रिफिथ्सनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठा गाठलं. परभणीसारखंच अजिंठाही तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून पुढं अनेक वर्षं खपून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठाल्या प्रती केल्या होत्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतल्या जवळजवळ सगळ्या गेल्या. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम पुन्हा हाती घेतलं. पुढं व्यक्तिचित्रणात मोठं नाव झालेले पेस्तनजी बोमनजी त्या मुलांत होते. हंगामामागून हंगाम, १८८५ पर्यंत हे काम चाललं. या प्रतीही लंडनला गेल्या आणि दक्षिण केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच जळाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले, त्यामुळं निदान छापील रूपात तो खजिना हाती राहिला.

या मोहिमेवर मी थोडं थांबणार आहे, कारण शाळेच्या पुढच्या शंभर वर्षांतला झगडा त्या गुहांतल्या अंधारात सुरू झाला. मुंबईच्या वर्गात मुलांना यथार्थदर्शन शिकवलं जात होतं. पाहणारा एका जागी उभा, त्याच्यापासून दूर जाणाऱ्या समांतर रेषा लांबवरच्या एका बिंदूत मिळणार आणि त्या जाळ्यात प्रत्येक माणसाची जागा व उंची ठरणार. आणि अजिंठ्यात? पहिल्या लेण्यातली महाजनक जातकाची भिंत पाहा. तिथं राजा राण्यांच्या घोळक्यात बसला आहे, तोच राजा जरा पलीकडं कुणाचं बोलणं ऐकतो आहे आणि तोच राजा घोड्यावर बसून वेशीतून बाहेर पडतो आहे. एकाच भिंतीवर एकच देह अनेकदा येतो आणि मध्ये चौकट नाही. महालाचे खांब एका कोनातून दिसतात, छत दुसऱ्या. डोंगर म्हणजे ठोकळ्यांची रास, ती खोल जात नाही, उलट पाहणाऱ्याकडं येते. महत्त्वाचा माणूस मागं असला तरी मोठा. त्याच लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी त्याच्या भोवतीच्या सगळ्यांहून कितीतरी भव्य आहे, आणि त्याचं शरीर कमरेत आणि मानेत असं वळलेलं आहे की ते उभं आहे की तरंगतं आहे, हे ठरवता येत नाही.

एका बाजूला जमिनीला खिळलेलं शरीर, दुसऱ्या बाजूला भिंतभर वाहणारं. विद्यार्थी दोन्ही काढत होते, पण या दोन देहांचं भांडण वर्गात कुणी लावून दिलं नाही. सरकारच्या दृष्टीनं अजिंठा नक्षीचे नमुने मिळवण्याची आणि जपण्याची जागा होती. चित्र कसं विचार करतं हे शिकण्याची जागा नव्हती. त्यामुळं अजिंठा शाळेत आलं ते प्रत म्हणून, आणि बराच काळ प्रत म्हणूनच राहिलं. पुढं निजाम सरकारनं १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानींना त्याचं प्रमुख नेमलं आणि १९२०च्या सुमारास इटलीहून चित्र-संवर्धक बोलावून सुटत चाललेला गिलावा धरून ठेवला. याझदानींचे अजिंठ्यावरचे खंड १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. हैदराबाद संस्थानाच्या कारभारावर मराठवाड्याचा राग रास्त आहे आणि तो राहणारच. हे एक काम मात्र त्यांनी मनापासून केलं.

शाळेत खरी उलथापालथ झाली ती कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य झाल्यावर, १९१९-२० नंतर. त्यांनी विवस्त्र मॉडेल समोर बसवून रेखाटण्याचा वर्ग रीतसर सुरू केला आणि भित्तिचित्रांचाही वर्ग काढला. बंगालच्या कलावंतांनी त्यांच्यावर टीका केली की हे सगळं परदेशी आहे, भारतीय कलेला असल्या हाडामांसाची गरज नाही. सॉलोमन यांचं म्हणणं होतं की अजिंठ्याचे चित्रकार शरीर ओळखत होते, म्हणूनच ते त्याला हवं तसं वाकवू शकले. या वादात मला सॉलोमन यांची बाजू पटते. पद्मपाणीचा खांदा काढणाऱ्या हातानं असंख्य खरे खांदे पाहिलेले आहेत, त्याशिवाय ती रेषा तशी उतरत नाही.

त्या वर्गात समोर बसणारी माणसं मात्र या इतिहासात बिननावाची आहेत. तासन्‌तास एका अवस्थेत बसायचं, पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही, आणि घरी काय काम करतो ते सांगायची सोय नाही. त्यांच्या शरीरावर पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार घडले. चित्राखाली सही चित्रकाराची. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१८ साली आला, त्यात जे.जे.मध्ये मॉडेलचं काम करणाऱ्या बाईची गोष्ट आहे. आदल्या वर्षी गोव्याच्या महोत्सवात निवड होऊनही तो ऐनवेळी वगळला गेला होता. शाळेच्या वाटचालीत प्राचार्यांच्या नामावळीइतकीच या बायाबापड्यांची नोंद व्हायला हवी.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात चार्ल्स जेरार्ड प्रमुख झाले आणि युरोपातल्या नव्या चित्रकलेकडं खिडकी उघडली. पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ यांचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ साली निघाला होता : स्वप्नात गोष्टी जशा भेटतात तशा त्या चित्रात भेटाव्यात, बुद्धीची पहारेकरी नजर चुकवून. दालीची वितळलेली घड्याळं, माग्रितची सफरचंदानं झाकलेली तोंडं आता सगळ्यांच्या ओळखीची आहेत. मुंबईत हे वारे पुस्तकांतून आणि हिटलरच्या तावडीतून निसटून आलेल्या माणसांकडून पोहोचले. टाइम्स ऑफ इंडियात काम करणारे वॉल्टर लँगहॅमर त्यांतले एक. त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे. जेरार्ड यांच्या छत्राखाली १९४१ साली ‘यंग टर्क्स’ हा गट जमला. त्यात पी. टी. रेड्डी होते. करीमनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला हा चित्रकार म्हणजे परभणीकरांसारखाच निजामाचा प्रजाजन. मुंबईच्या शाळेत हैदराबाद संस्थानातलं पोर पोहोचू शकत होतं, याचा हा एक दाखला.

पुढं १९४७चा चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट. त्याची कथा इतकी सांगून झाली आहे की इथं मी दोनच गोष्टी घेतो. त्या गटातले, गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४५ साली शाळेतून काढले गेले आणि त्यांनी माणसाचे डोळे उचलून थेट कपाळात नेऊन ठेवले. शरीरशास्त्राचा वर्ग पुरता पचवलेल्या माणसानंच हे करावं. दुसरी गोष्ट अकबर पदमसींची, जे त्या गटाच्या जवळचे आणि याच शाळेचे. १९५४ साली जहांगीर कलादालनातल्या त्यांच्या प्रदर्शनातून ‘लव्हर्स’ ही चित्रं उतरवायला पोलिसांनी सांगितलं, त्यांनी नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. मुंबईच्या चित्रकारांना देह हवा तसा रंगवण्याची जी मोकळीक पुढं मिळाली, तिच्यामागं तो नकार आहे.

तय्यब मेहता यांच्यापाशी मात्र थांबावंच लागेल. फाळणीच्या दंगलीत, १९४७ साली, मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका माणसाला जमावानं ठार मारताना पाहिलं. त्याच सुमारास ते जे.जे.मध्ये दाखल झाले आणि १९५२ साली पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांच्या चित्रांत पडणारी मानवाकृती येते ती १९६०च्या दशकाच्या मध्यावर. ती कुठून पडते आहे ते दिसत नाही, खाली जमीनही नाही. हातपाय एकमेकांत गुंतलेले, तोंड उघडं आणि भोवती सपाट रंगाचा पट्टा, त्यात ना सावली ना क्षितिज. १९६८ साली दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं, आणि १९६९ पासून त्यांच्या कॅनव्हासवर एक तिरपी रेघ आली. ती चित्राला कापत जाते, आणि तिच्या अलीकडचा हात पलीकडच्या धडाचा आहे की दुसऱ्याच कुणाचा, ते डोळ्याला ठरवता येत नाही.

त्रिशंकूची कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे; स्वर्गातून ढकललेला आणि पृथ्वीपर्यंत न पोहोचलेला तो देह. तय्यब यांचा माणूस मात्र लटकतही नाही, त्याचं पडणं संपत नाही एवढंच. आणि ते पडणं आपल्या पोटात जाणवतं, कारण त्या आकृतीला वजन आहे. सपाट रंगात, छायाप्रकाश न वापरता, केवळ बाह्यरेषेच्या वळणानं त्यांनी खांद्याचा आणि मांडीचा भार दाखवला आहे. प्लास्टरच्या पुतळ्यांपासून विवस्त्र मॉडेलपर्यंत शाळेनं जे घोटून घेतलं ते इथं कामी आलं. हल्ली अतिवास्तव म्हणून माणसाला पंख लावून ढगात सोडलेली चित्रं पुष्कळ दिसतात. ती पाहून काहीच का होत नाही, याचं उत्तर तय्यब यांच्या चित्रासमोर मिळतं : ज्या देहाला कधी जमीनच नव्हती, त्याचं अधांतरी असणं बोचत नाही.

प्रभाकर बरवे उलट्या वाटेनं त्याच ठिकाणी पोहोचले. १९३६चा जन्म, रायगड जिल्ह्यातल्या नागावचे, १९५९ साली जे.जे.ची पदविका. मग विणकर सेवा केंद्रातली नोकरी, बनारसमधली वर्षं, तिथं भेटलेली तंत्रसाधनेतली चित्रं. मुंबईत परतल्यावर त्यांनी एनॅमल रंगात जे रंगवलं, त्यात पूर्ण माणूस क्वचितच असतो. एक घड्याळ, एक पान, एक फळ, एक किल्ली, मध्येच हाताचा किंवा चेहऱ्याचा आकार. ही सगळी मंडळी विस्तीर्ण रिकाम्या जागेत एकमेकांपासून अंतर राखून असतात. त्या अंतरात काहीतरी घडत असतं. बरवे मराठीत विचार करणारे चित्रकार होते, त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली आलं. वस्तू, आकार आणि अवकाश यांचं नातं मराठी गद्यात इतक्या सावकाश, इतक्या निखळपणे कुणी उलगडलेलं मला ठाऊक नाही. मराठी वाचणाऱ्या प्रत्येक चित्रकलाशिक्षकाच्या टेबलावर ते असावं. बरवे १९९५ साली गेले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली त्यांचं मोठं सिंहावलोकन भरलं, तेव्हा त्या चित्रांसमोर उभं राहिल्यावर जाणवे की देह चित्रातून गेलेला नाही, तो चित्राबाहेर आला आहे. त्या रिकाम्या जागेत उभं राहायची पाळी पाहणाऱ्याची असते.

अजिंठ्याचा वर्गात न लागलेला वाद इथं लागला. एका डोळ्याला, एका बिंदूला बांधलेला अवकाश बरव्यांनी सोडून दिला आणि वस्तूंना त्यांच्या महत्त्वाप्रमाणं लहानमोठं केलं, जसं पद्मपाणीच्या भिंतीवर केलेलं आहे. त्यांनी ते अजिंठ्यावरून घेतलं असं मी म्हणत नाही. त्या चित्रापुढं अजिंठ्याची आठवण होते आणि ती होणं रास्त आहे, इतकंच.

पुढच्या पिढीचे तपशील झरझर सांगतो. १९६९ साली पदविका घेतलेल्या नलिनी मालानी यांनी पारदर्शक नळकांड्यांवर उलट्या बाजूनं आकृती रंगवल्या, ती नळकांडी फिरत ठेवली आणि त्यांतून प्रकाश सोडला. माणसांच्या सावल्या खोलीभर, पाहणाऱ्याच्या अंगावरून फिरू लागल्या. अंजू दोडिया आपलंच शरीर पुन्हापुन्हा चित्रात आणतात; २००७ साली बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांनी मांडलेल्या चित्रांखाली जमिनीवर फुटक्या आरशांचे तुकडे होते, त्यामुळं देह वर अखंड आणि खाली छिन्न. शाळेबाहेरचं एक नाव इथं घ्यायलाच हवं : सुधीर पटवर्धन. पुण्यात वैद्यकी शिकलेले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षं काम केलेले. दिवसा शरीर आतून पाहणारा हा चित्रकार संध्याकाळी लोकलमधली, चाळीतली, रस्त्यावरची माणसं रंगवत आला. त्यांच्या ‘लोअर परळ’सारख्या चित्रात शहर एकाच जागेवरून पाहिलेलं नसतं, रस्ते, पूल, इमारती वेगवेगळ्या बाजूंनी येऊन माणसाला घेरतात.

पटवर्धनांचं आणखी एक काम मराठवाड्यानं लक्षात ठेवावं. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकलेचं प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये फिरवलं. त्यात औरंगाबादही (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं. मुंबईच्या कलादालनांत राहणारी मूळ चित्रं तिथं मराठवाड्यातल्या मुलांनी छापील पानावर नव्हे, भिंतीवर पाहिली. औरंगाबादला शासकीय कला महाविद्यालय सत्तरच्या दशकात आलं, आणि परभणीच्या मुलामुलींना चित्रकला शिकायची तर मुंबईच गाठावी लागते ही अवस्था काहीशी पालटली. तरीही महाविद्यालय असणं आणि मूळ चित्र डोळ्यांनी पाहायला मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तय्यब यांच्या तिरप्या रेघेचं काम मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही. त्यासाठी चित्र आपल्या उंचीचं, आपल्यासमोर असावं लागतं, म्हणजे मग आपलंच शरीर तिच्याशी झुंजतं.

जे.जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुन्या शाळेचे विद्यार्थी यावर दोन बाजूंना आहेत. नवा अभ्यासक्रम आखता येईल, निर्णय लवकर होतील असं काहींना वाटतं. सरकारी शाळेत नाममात्र फीत शिकलेली खेड्यापाड्यांतली मुलं उद्या तिथं शिरू शकतील का, ही चिंता इतरांना आहे. ही चिंता मला मोठी वाटते. शाळेचा दीडशेहून अधिक वर्षांचा कस मुंबईच्या श्रीमंत घरांतून आलेला नाही. पी. टी. रेड्डी ज्या खेड्यातून आले, तसली खेडी गोदाकाठावर शेकड्यानं आहेत. आता तर विद्यापीठाला स्वतःचे निर्णय घेता येतात. म्हणून मागणं साधं आहे : दर वर्षी एक महिना शाळेच्या संग्रहातली चित्रं, मॉडेलवरून केलेली जुनी रेखाटनं आणि अजिंठ्याच्या अभ्यासाची पानं जिल्ह्याच्या गावी पाठवावीत, छत्रपती संभाजीनगरशी न थांबता परभणीपर्यंत. सोबत एक शिक्षक आणि एक मॉडेल द्यावं, नावासकट, मानधनासकट. आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या सरांना आधी बोलवावं; कितीतरी शाळांत हे पद रिकामं आहे, आणि जिथं भरलेलं आहे तिथल्या सरांनीही सूझा-मेहता-बरवे यांचं मूळ चित्र बहुधा पाहिलेलं नाही.